रंगाखालचा पम्प

लिहायला बसलो आहे खरा, पण माझा तसा अधिकार नाही. मी टी.वाय.चा विद्यार्थी. दुपारनंतर बेलापुरात इंजिनाच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटर सांभाळतो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर जाणकारांनी माफ करावं.

त्या दिवशी जवळच्या दिवाळे गावातल्या कोळीण हौसामावशींनी काउंटरवर पिशवी उलटी केली. आतून तडकलेला पम्प निघाला. होडीचं इंजिन थंड ठेवायला हा खाडीचं पाणी ओढतो. तो नसला की इंजिन तापून बंद पडतं.

"परवा नारली पुनव हाय," मावशी म्हणाल्या. "दुसरे दिवशी सगल्यांच्या होऱ्या जातील. आमचीच काय बांधून ठेवू?"

"कुठल्या कंपनीचं इंजिन?" आमच्या दुकानाच्या शेठनी विचारलं.

"सेकंडहँड घेतलेला. नावाची पट्टी कवाच गंजून गेली."

शेठनी तीन दुकानांत फोन लावले. तिन्हीकडे मॉडेल नंबर विचारला. मी इंटरनेटवर 'होडीचा पाण्याचा पम्प' टाइप केलं, तर घरगुती मोटारी आल्या. वस्तू समोर होती, तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मी फोटोवरून सर्च केला. म्हणजे शब्दांऐवजी फोनला फोटो द्यायचा. तो तसेच दिसणारे फोटो शोधून आणतो.

पहिलं आलं लहान मुलांचं खेळण्यातलं इंजिन. दुसरी फुलदाणी.

"कॉलेजात हेच शिकवतात का रे?" शेठ म्हणाले. "मावशी, फुलदाणी चालेल?"

"चालंल की. पानी खेचल का ती?"

मी ओशाळलो. पम्प पुन्हा हातात घेतला. चकचकीत निळा, वर पिवळा पट्टा.

"मावशी, हा रंग कंपनीचा?"

"नाय रं बाला. पुनवेच्या आधी होरी रंगवतो ना आमी. उरला तो इंजिनाला. दरसाल."

इतक्या वर्षांच्या थरांनी पम्पाच्या कडा, खाचा सगळं बुजवून टाकलं होतं. मावशींना विचारून मी थिनर आणि पत्र्याची पट्टी घेतली. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली भगवा. शेवटी लोखंड आणि त्यावर उठावाचे चार आकडे. पुढचे तड्यात गेले होते.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून पुन्हा फोटो काढला. आता पम्पच पम्प आले. एका परदेशी पानावरचा हुबेहूब होता, आकडेही तेच. पानाचं भाषांतर केलं, तर तो जहाजावरच्या जनरेटरचा निघाला.

शेठ सरळ बसले. तुर्भ्याला जुने जनरेटर खोलणारा त्यांच्या ओळखीचा होता. मी व्हर्नियरने शाफ्टची जाडी आणि बोल्टमधलं अंतर मोजून फोनवर सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "आहे एक."

"मावशी, मापं जुळतात. तरी बसेलच असं मी छातीठोक सांगत नाही," मी म्हणालो.

"तू नको सांगू. बसवून बघतो आमी," म्हणत त्यांनी तुर्भ्याला जायला रिक्षा थांबवली.

नंतर चार दिवस काहीच कळलं नाही. त्यांचा फोन लागेना. होडी खाडीबाहेर मध्येच बंद पडली असेल तर, हा विचार लेक्चरमध्येही सुटत नव्हता. मी शिकलो ते एवढंच, की फोटो काढण्याआधी वस्तू साफ करावी आणि फोटो जुळला तरी माप घ्यावं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे मासळीच्या लिलावाचा गलका होता, म्हणून मावशी ओरडूनच बोलत होत्या.

"बाला, होरी आली रं! इंजिन एकदा पन तापला नाय!"