चुगलखोर पेशी

फोन आला त्या दुपारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांच्या तळाचं मेण खरवडत होते. हे सकाळच्या एस.टी.ने नागपूरला गेले होते, इंजेक्शनसाठी वापरतात ते शुद्ध पाणी आणायला. तिथेच छातीत कळ आली आणि ते गेले. मागून पाण्याची पिशवी घरी आली. एकही बाटली फुटली नव्हती.

भेटायला येणारे सांत्वन करायचं म्हणून येतात आणि आमच्या प्रयोगशाळेचा एखादा किस्सा सांगून जातात. किस्से त्या मेणासारखेच साचतात. कितीही खरवडा, थोडं उरतंच.

*

हे प्राणिशास्त्र शिकवत, मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. पुण्याहून शिकून येताना त्यांनी पेशी आणल्या. शरीरात सूज येते तेव्हा पेशीला बाहेरून निरोप मिळतो आणि तो आतल्या केंद्रकापर्यंत पोचतो. या पेशींत एक परका जीन बसवला होता. निरोप पोचला की तो जागा होणार, आणि वरून रसायन घातलं की पेशी निळी दिसणार. हे त्यांना चुगलखोर म्हणत.

*

पेशींना थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचं यंत्र आमच्याकडे कुठलं? म्हणून बरणीत पेशींची बशी, शेजारी पेटती मेणबत्ती, वर घट्ट झाकण. मेणबत्ती आपोआप विझली की बरणीतली हवा जमली.

तरी पेशी मरत. शेवटी शिपाई शामरावांना विचारलं.

"मेणबत्ती विझून जाते ना सर. मी येताजाता झाकण काढून लावून देतो, आणि झाकण उघडंच ठेवतो."

"पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सांगाले कायले पाहिजे? अंधारात कोण जगते?"

*

पेशी जगल्या, तेव्हा प्राचार्य पाहायला आले. एका बशीत सूज आणणारा पदार्थ घातलेला, दुसरीत काहीच नाही. दोन्ही निळ्याशार.

"वा! दोन्ही यशस्वी," म्हणाले, आणि प्रार्थनेच्या वेळी जाहीरही करून टाकलं.

दोष पाण्याचा निघाला. उकळलं तरी त्यात मेलेल्या जंतूंचा अंश राहतो, आणि तेवढ्यानेच या पेशी बोंब मारतात. हे कळल्यावर प्राचार्य पेशींसाठी घरून पाण्याचा थर्मास आणू लागले. घरचं पाणीही कॉलेजसारखं वैनगंगेचंच होतं. यांनी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

*

सासूबाई दिघोरीला. त्यांचा एक पाय कायम सुजलेला, त्यावर कायम निरगुडीचा लेप. डॉक्टर हसत, म्हणून त्यांनी मुलालाच गाठलं.

"बापू, पाला खरा का डाक्टर खरा, ते तुह्या पेशीयले विचार."

"विचारतो, आई."

दर खेपेला त्यांचा तोच प्रश्न, "काय म्हणून राहिल्या?"

"अजून पाण्याच्याच तक्रारी करून राहिल्या, आई."

त्या तक्रारी मिटवायलाच हे नागपूरला गेले होते.

*

पेशींची एक कुपी कायम राखीव ठेवावी लागते, भयंकर थंडीत. तेवढी थंडी जिल्ह्यात आम्हाला एकाच जागी सापडली. कारध्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या नायट्रोजनच्या भांड्यात. तिथे वळूंचं बीज ठेवत, शेजारी आमची कुपी.

एकदा आम्ही ती काढून पाहत होतो. पांढरी वाफ बाहेर आली. गाय घेऊन आलेला एक शेतकरी बघत उभा होता.

"डाक्टरसाहेब, हे कॉलेजवालं बीज माह्या गाईले द्या. शिकलेलं असन."

"वासरू निळं होईल," डॉक्टर म्हणाले.

"दूध तं पांढरंच देईन ना?"

*

तेरवी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले कारध्याले ने."

पदरात निरगुडीचा पाला बांधून घेतला होता. डॉक्टरांनी काही न विचारता भांड्याचं झाकण उचललं. वाफ खाली जमिनीवर उतरली. सासूबाई सुजलेला पाय सावरत वाकल्या.

"बापू म्हणे, तुम्ही चुगली करता. मंग करा ना माह्या पायाची."

त्या कान देऊन थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"कायच नाही बोलत."

"बाहेर काढल्याशिवाय नाही बोलत, आई."

"मंग काढ ना वो बाई."

डॉक्टर चिमटा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आज राहू द्या.

पाण्याच्या बाटल्या कपाटात आहेत. पाला सासूबाईंनी वाळवून डब्यात भरून पाठवला आहे. कुपी मी अजून काढलेली नाही.