पालथं झोपू नये

आईच्या कॉटला अडकवलेल्या तक्त्यावर निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता: प्रोन. सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, "पालथं झोपवलंय त्यांना. श्वास घ्यायला जरा बरं पडतं."

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी मोबाइलवर तो शब्द शोधला. बंदूक रोखून जमिनीवर पोट टेकलेला नेमबाजही प्रोन, आणि ज्याला आजार चटकन गाठतो तोही प्रोन. इंग्रजीला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या घरात मात्र पालथं झोपायची बंदी होती. "पालथं झोपू नये रे, सरळ हो," म्हणत आई मला झोपेतच उलटवायची. माझे केस पिकले तरी तिनं ते सोडलं नाही.

मी परत आत गेलो. आता तिचा चेहरा उशीत होता. मला फक्त तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. 'आई, सरळ हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण दुपारीच शेजारच्या कॉटवरच्या काकूंना सरळ केलं होतं, आणि लगेच चादर तोंडावर ओढली होती.

मी तिच्या टाचांवर हात ठेवला आणि म्हणालो, "अशीच झोप गं."