कव्हरवरची करंगळी

कचेरीत तिला सगळे पट्टीताई म्हणत. बावीस वर्षं तिने साप्ताहिकाची आतली पानं लावली. हातात स्टीलची पट्टी, कानामागे पेन्सिल. मजकूर अर्धी ओळ जास्त झाला की ती कापणार, मग तो संपादकांचा का असेना. "ताई, जरा दयामाया?" कुणी म्हटलं की म्हणे, "पान काही रबराचं नाही."

कव्हर मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. कव्हर करणारे चित्रकार नोकरी सोडून गेले तेव्हा आलं. आणि आलं तेही नेमकं या अंकाचं.

रंगाच्या कारखान्यात टाकी धुताना दोन माणसं गुदमरून मेली होती. मालक म्हणत होता, पिऊन उतरले. आधी एका कामगाराने तोंड उघडलं, तर आठवड्यात त्याचे पाय मोडले. तरी त्याच कारखान्यात काम करणारे, तिच्या शेजारचे काका बोलले. तिनेच त्यांना बोलतं केलं होतं. अट एकच. नाव नको, चेहरा नको.

"कळलं तर ते मला सोडायचे नाहीत, पोरी."

तिने शब्द दिला.

मग ती कव्हर शिकायला बसली. वेगवेगळ्या मासिकांचे जुने अंक आणले. कव्हरं दोरीला चिमट्यांनी टांगली आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेली. एकेकावर ट्रेसिंग पेपर ठेवून नुसत्या चौकटी काढल्या. नाव केवढं, चित्र केवढं, कोरी जागा किती. जी कव्हरं दुरून ओढून घेत होती त्यांत चित्र एकच होतं. आणि त्या चित्रातलं काहीतरी वाचकाला मथळ्याकडे नेत होतं. कुठे कुणाची नजर, कुठे रस्त्याचं वळण, कुठे छत्रीची दांडी.

तिची एक जुनी सवय होती. पान जमलं का ते ती उलटं धरून बघे. उलट्या पानात माणसं दिसत नाहीत, शब्द दिसत नाहीत. नुसते आकार दिसतात. आपलं कव्हरही तिने तसंच जुळवलं. काकांचा फोटो गळ्याखाली कापला. उरले गुडघे आणि गुडघ्यावरचा हात. हातातून एक तिरपा आकार बाहेर येत होता, बरोबर मथळ्याच्या दिशेने. तिला हवा होता तोच. तिने तो मोठा केला.

छापलेलं कव्हर दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांनी सुलटं धरलं.

"वा, पट्टीताई! ही वाकडी करंगळी काय नामी ठेवलीत! सरळ मथळ्यावर नेते."

तिने कव्हर त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

काकांची करंगळी. तरुणपणी मोडून वाकडी बसलेली. ती रोज बघत होती, म्हणून बघतच नव्हती. हुकासारख्या त्या बोटावरून कारखान्यात त्यांना आकडा म्हणतात.

तिने हे सांगताच संपादकांनी लगेच छापखान्याला फोन केला. कव्हरांचे गठ्ठे अजून तिथेच होते. पण एक प्रत त्यांनीच सकाळी छापखान्यातून परस्पर स्टॉलवर टांगायला पाठवायला लावली होती. कारखान्याच्या फाटकासमोर.

काकांचा फोन लागेना. कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन फाटकात जमा असतात. ती रिक्षा करून निघाली.

स्टॉलवर ते कव्हर सगळ्यात पुढे लटकत होतं. रस्त्यापलीकडून तिला आधी करंगळीच दिसली. तिने ते ओढून काढलं.

"अहो ताई, जाहिरातीचं आहे ते!" स्टॉलवाला ओरडला.

"चुकलंय. कुणी बघितलं?"

"बघायलाच तर लावतात! फाटकावरचे दोघं आले होते. एकजण म्हणाला, हा तर आपला आकडा. खो खो हसला."

"आणि दुसरा?"

"दुसरा नाही हसला. त्याने मोबाइलवर फोटो काढला."

भोंगा झाला. पाळी सुटली. माणसं लोंढ्याने बाहेर आली. काका दिसेनात. फाटक रिकामं होत आलं.

मग काका आले, सगळ्यांच्या शेवटी. मागे थोडं अंतर ठेवून फाटकावरचे दोघं.

ती पुढे झाली. काका तिच्या शेजारी बुटाची नाडी बांधायला वाकले. मान वर केली नाही.

"ओळख दाखवू नकोस. काकूला सांग, लेकीकडे जा. आत्ताच."

"काका, माझ्यामुळे..."

"रडायचं ते मग रड. आधी फोन कर."

ते उठले आणि घराच्या उलट दिशेने चालू लागले. दोघांपैकी एक त्यांच्या मागे गेला. दुसरा थांबला. तिच्या हातातल्या कव्हरकडे बघत राहिला.

तिने चालता चालता फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय गं?" काकूने विचारलं. "हे निघाले का?"

मागे पावलं वाजत होती.

"निघाले," ती म्हणाली. "काकू, गॅस बंद कर. चपला घाल. मी सांगते तसं कर."