जमीन ठोकून बसणारा

पुसदच्या बाजारात माझा क्रम ठरलेला असे: आधी धान्य, मग भाजी, शेवटी दोर. दोर विकणारा म्हातारा एकटाच येई. पोतं अंथरण्याआधी तो तळहातानं जमीन ठोके आणि कान देऊन ऐके. कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात मी त्याला कारण विचारलं.

"पोकळ असन तं फाटते, बाई. माहा पोरगा तिकडं धरणावर कामाले गेलता. भूकंपात भुईनं गिळलं त्याले. तवापासून खबर नाही."

"अहो, भूकंपात जमीन माणसं गिळत नाही. माणसं मरतात ती भिंती पडून. ती सापडतात, घरी कळवतात."

"आपल्या काळ्या वावराच्या भेगीत इळा पडला तं सापडते का?"

"त्या भेगा उन्हानं माती सुकून पडतात. भूकंपाशी त्यांचा संबंध नाही. तुमचा मुलगा असेल कुठंतरी."

मला वाटलं, त्याला धीर येईल. तो हातातला दोर उगाच उलगडत, गुंडाळत राहिला.

"असन, तं मंग घरी काहून येत नाही?"

मी दोर घेऊन निघाले.

पुढच्या बाजारी त्यानं पोतं अंथरलं आणि जमीन न ठोकताच तो त्यावर बसला.