आत्याच्या चपलेखालचा ठोकळा

आमच्या घरात जड वस्तूंचा राग आहे. भूकंप झाला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, तरी तो राग माझ्याकडे आला. माळ्यावर काही ठेवायचं नाही, पलंगाच्या वर फळी ठोकायची नाही, लग्नात पितळेची भांडी घ्यायची नाहीत. आत्या तर कुणाकडे गेली की बसण्याआधी बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघते. घरचे लोक हसतात. ती हसत नाही. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात ती नवी नवरी असताना दगडमातीच्या भिंतीखाली सापडली होती. तिला बाहेर काढलं, पण उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला.

पुढे ती लातूरला आली आणि क्लासच्या मुलींसाठी मेस चालवू लागली. दिवसभर ओट्यापाशी उभं राहायचं काम. उजव्या चपलेखाली चांभारानं बसवून दिलेला लाकडी ठोकळा होता. ओट्याखालच्या पाण्यानं तो फुगत गेला, एका कडेनं झिजला, आणि तिची कंबर धरू लागली. त्या उन्हाळ्यात ती वडिलांना म्हणाली, "जूनमधी नव्या पोरी येत्यात. तवर नीट हुबं राहता आलं न्हाई तर मेस बंद करते."

"बंद कर अन् नांदेडला ये," वडील म्हणाले.

"भावाच्या घरी चार दिस पाहुणी बरी. पुढं भावजयीची मोलकरीण."

आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मोलकरीण ठेवायची ऐपत कुठंय आमची," आणि विषय तेवढ्यावर राहिला. पण आत्या गंमत करत नव्हती हे सगळ्यांना कळलं होतं.

मी तेव्हा नांदेडला एका दुकानात काम करायचे. दुकान पिढ्यान्‌पिढ्या रबरी शिक्के आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या घराचं. मालकांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी काउंटरवर थ्रीडी प्रिंटर मांडले होते आणि लातूरच्या क्लासेसना हृदय, डोळा, डीएनएची शिडी असली मॉडेलं जात. निकालाच्या दिवसांत पहिल्या आलेल्यांच्या ट्रॉफ्या. मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर, त्यामुळे ट्रॉफी बघितली की मला ज्यांना ती मिळाली नाही ते आठवत आणि मी बोलत सुटे. चाचा चष्मा पुसत म्हणत, "बेटी, भाषण बाद में. पयले दिल काट के दे."

कापणं हेच माझं काम. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचे कागदासारखे पातळ थर पाडायचे. मशीन एकावर एक तेच थर घालत जातं. प्रत्येक थरात आधी बाहेरची कड. पण मशीनमधून निघणाऱ्या वितळलेल्या प्लास्टिकच्या धारेला जाडी असते, म्हणून रेघ थेट कडेवर न ओढता अर्ध्या जाडीनं आत सरकवायची, नाहीतर वस्तू मापापेक्षा मोठी होते. तिच्या आत दुसरी रेघ. ही झाली भिंत. भिंतीच्या आत भरीव काही नसतं, नुसती जाळी असते. ती किती दाट घालायची हे आपण ठरवायचं.

आत्याचा ठोकळाही असाच छापायचं मी ठरवलं आणि ती नांदेडला होती तेव्हाच तिची चप्पल एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर ठेवून पेन्सिलीनं आखली. पेन्सिलीची रेघ नेहमी बाहेरून फिरते, म्हणून माप थोडं आत घेतलं. "हलका कर बरं का," आत्या म्हणाली. हे तिनं सांगायची गरज नव्हती. जाळी मी शोभेच्या हृदयाला घालते तितकीच विरळ ठेवली. आमच्या घरातल्या कुणीही तेच केलं असतं.

ठोकळा हातात घेऊन ती खूश झाली. "पापडावानी हाय." मग सवयीनं पेरानं ठोकला. "पोकळ वाजायलाय."

"आत जाळी असते ना."

आठवडा व्हायच्या आत तिचा फोन आला. वरणाचं पातेलं उतरवताना पायाखाली कडकन वाजलं होतं. "पडले न्हाई. ओट्याला टेकले," ती म्हणाली. वरण सांडलं नाही हे तिनं दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "पोरींना सांगून टाकते, दुसरी मेस बघा म्हणून."

"मी येते. तोवर काही सांगू नको."

लोहा, चाकूर करत एसटीनं लातूरला पोचले. ठोकळा चेपला असेल असं मला वाटत होतं. तो चेपला नव्हता. बाहेरची भिंत सालीसारखी सुटून आली होती आणि आतली जाळी बरीचशी तशीच उभी होती. मी तो खिडकीत धरून बघत राहिले. हे चित्र मी पाहिलेलं होतं. भूकंपानंतर वडिलांनी गावोगाव वाटलेल्या पत्रकात आडव्या कापलेल्या भिंतीचं चित्र होतं: बाहेर दगडांचा एक थर, आत एक थर, मध्ये माती, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब आरपार दगड. लहानपणी मी ते दगड खडूनं लाल रंगवले होते.

"आत्या, तुमच्या भिंतीत आरपार दगड नव्हते ना?"

"असते तर तुला इथं यावं लागलं नसतं," ती पोळी उलटत म्हणाली.

नांदेडला परतल्यावर दुकानात मी सेटिंग उघडून पाहिली. आतल्या रेघा बाहेरून दिसू नयेत म्हणून आम्ही जाळी भिंतीला जेमतेम टेकवून थांबवत होतो. हृदय कपाटात उभं राहतं. त्याच्यावर पातेलं घेऊन कुणी उभं राहत नाही. मी जाळी भिंतीत घुसवायला घेतली तेव्हा चाचा म्हणाले, "ऊपर से लकीरें दिखेंगी."

"दिसू द्या."

"क्लासवाले नहीं लेंगे."

"हे क्लासवाल्यांचं नाही, चाचा."

ते स्क्रीनवर वाकले. "तो फिर मोटी दीवार डाल. कंजूसी मत कर."

भिंतीच्या रेघा वाढवल्या, जाळी दाट केली आणि तिची टोकं भिंतीत रुतवली. नवा ठोकळा अंगावर जुन्या भिंतीच्या तड्यांसारख्या रेघारेघा घेऊन आला. तो मी लातूरला नेला. आत्यानं तळहातावर तोलला आणि तिचा चेहरा उतरला.

"जड हाय."

"लाकडाच्या निम्मासुद्धा नाही."

"तू हुबी राहा आधी."

मी उभी राहिले. तिच्या सांगण्यावरून उड्याही मारल्या. मेसमधल्या दोन मुली दारातून हसत होत्या. मग तिनं ठोकळा पेरानं ठोकला, कानाशी नेऊन पुन्हा ठोकला, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चांभाराकडे चप्पल घेऊन गेली.

दुपारचा स्वयंपाक तिनं एकदाही स्टूल न ओढता केला. मी भांडी पुसत तिची कंबर बघत होते. तिनं पातेलं उतरवलं, झाकण ठेवलं, आणि पदराला हात पुसत ती म्हणाली, "ही घरातली झाली. बुद्धविहारात जायाची चप्पल येगळी लागंल. जून लागायच्या आत कर."