सावंतकाकांचा उजवा पाय

"हा माणूस चोर वाटतो गं," निखिल सर हळूच म्हणाले. ते आमच्या संस्थेचे मालक. काचेपलीकडे सावंतकाका पत्ते वाटत होते.

मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल गाळ्यात आम्ही गोव्याच्या कॅसिनोंसाठी डीलर तयार करतो. डीलर म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा. मी तिथे ट्रेनर आहे. सावंतकाका मुलुंडच्या कारखान्यात पत्रा कापायचं मशीन, पॉवर प्रेस, चालवायचे. कारखाना बंद पडला आणि ते एका टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. इथे सिलेक्शन हुकलं, तर परत गेटवरच.

डीलरचे हात कायम टेबलावर, कॅमेऱ्याला दिसतील असे हवेत. काका मात्र पत्ता ठेवला की हात झटकन पोटाशी ओढायचे. बघणाऱ्याला वाटावं, पैशांऐवजी खेळतात ती चिप खिशात गेली. मी कितीदा सांगितलं. ते "हो मॅडम" म्हणायचे आणि पुढच्या पत्त्याला पुन्हा तेच.

"उद्या क्लायंट येतोय. याला हाऊसकीपिंगला टाक, यार," सर म्हणाले.

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. वाद घालणं मला जमत नाही.

डोळ्यांत बघून बोलणंही फारसं जमत नाही. माझी नजर खाली असते. त्या दुपारी ती काकांच्या बुटांवर होती. पत्ता ठेवला, हात मागे आले, उजवा पाय दाबला गेला. प्रत्येक वेळी.

"काका, पायाखाली काय आहे?"

त्यांनी खाली बघितलं. "पेडल," म्हणाले आणि स्वतःच हसले.

प्रेसमध्ये आधी माल ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, मग पेडल दाबायचं. हात आत राहिला तर बोटं जातात. काकांची सगळी शाबूत होती.

मी त्यांना उजवा पाय डाव्याच्या मागे ठेवून उभं केलं. दाबायला पेडलच उरलं नाही, तसे हात हळूहळू टेबलावर राहायला लागले.

दुसऱ्या दिवशी क्लायंट कॅसिनोच्या मॅनेजर बाई बराच वेळ बघत राहिल्या. मध्येच काकांचा पाय पुढे सरकला, हात उचलले गेले. काका अर्ध्यावर थांबले आणि त्यांनी दोन्ही पंजे उघडून कॅमेऱ्याला दाखवले. टेबल सोडताना डीलरने असंच करायचं असतं, हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून.

"वय जास्त आहे," बाई म्हणाल्या, "पण चालेल."

"मी म्हटलं होतं ना, माणूस चांगला आहे," निखिल सर मला म्हणाले.

गोव्याला निघताना काका पेढे घेऊन आले. नवीन काम कसं वाटतं, असं मी विचारलं.

"बरं आहे, मॅडम. इथे बोटं समोर खेळणाऱ्याची जातात."

आता नवी बॅच आली की मी आधी प्रत्येकाला विचारते, याआधी कुठल्या मशीनवर होता. पत्ते नंतर.