दुसऱ्या दिवशी घरचं माणूस

मार्टाबाई गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या जिन्यात कळलं. खालच्या मजल्यावर त्यांच्या दाराशी त्यांची भाची पुठ्ठ्याची खोकी रचत होती. मंगळवारी पहाटे, झोपेतच, म्हणाली. मी किराणाची पिशवी धरून तसाच उभा... सहा आठवडे झाले त्याला. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कार कारखान्यात मी दहा वर्षं काढली, एकाहून एक हुशार माणसं पाहिली, पण ज्यांच्यापुढे आपोआप हात जोडले जावेत अशी एकच व्यक्ती भेटली आणि ती माझ्याच पायाखालच्या मजल्यावर राहत होती. हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर माझ्या लेखी त्या फक्त कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक टाकलं म्हणून दार वाजवणाऱ्या खडूस म्हातारबाई होत्या.

माझी आई चंद्रपूरकडची. तिच्या डाव्या पायाला वीस वर्षांपासून हत्तीरोग आहे. गुडघ्याखाली पाय सुजून खांबासारखा झालेला, महिन्या-दोन महिन्यांनी लालबुंद होऊन सणकून ताप. साडी कायम जमिनीला टेकलेली. आमच्या लग्नात बायको पाया पडायला वाकली तर आई दोन पावलं मागे सरकली. "लांबूनच कर वो बाई," म्हणाली. घरात त्या पायाविषयी कुणी बोलायचं नाही. मी तर नाहीच. खरं सांगायचं तर मला त्याची किळस यायची... स्वतःच्या आईच्या पायाची. लिहितानासुद्धा लाज वाटते.

तीन महिन्यांसाठी आई इकडे आली तेव्हा जिन्यात एकेक पायरी उतरताना मार्टाबाईंनी तिला पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा पाय माझ्या ओळखीचा आहे." मग कळलं, त्या मेनोनाइट. ख्रिस्ती लोकांतला हा एक छोटा पंथ. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि प्रार्थनेला जमले की एकमेकांचे पाय धुवायचे. तरुणपणी त्या नर्स म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर, हैतीला गेल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. तिथे हा रोग घरोघरी. प्रार्थनाघराच्या ओसरीवर बाकं मांडून हेच पाय धुवायचं काम. मिशनरी म्हटल्यावर माझ्या डोक्यात शंकेचा किडा वळवळलाच. म्हटलं, धर्माचं काय सांगायचात लोकांना? त्या हसल्या. "पाय धुताना मान खाली असते. फार बोलायला सुचत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निळा प्लास्टिकचा टब, साबण आणि मऊ टॉवेल घेऊन हजर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या. आई घाबरून मला म्हणाली, अरे उठव त्यांना, वयानं मोठ्या हायेत. कोण उठवणार? कोमट पाण्यात पाय घेऊन त्यांनी प्रत्येक वळी हलक्या हातानं धुतली, मग टॉवेलचं टोक पिळून बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या. ओल राहिली की जखम होते, जखमेतून ताप येतो, बास, एवढंच शास्त्र. आई आवाज न करता रडत होती. मी फ्रिजला टेकून उभा.

हात पुसत त्या म्हणाल्या, "आल्झो, तर मग उद्या तू." बेटावरचा नियमच होता तो. पहिल्या दिवशी नर्स, दुसऱ्या दिवशी घरचं माणूस. मी काहीतरी पुटपुटलो तर म्हणाल्या, "आम्ही कधीतरी निघून जाणार होतो. पाय तिथेच राहणार होते."

दुसऱ्या दिवशी मी पळालो. मीटिंग आहे, अशी शुद्ध थाप मारून सकाळी सातलाच बाहेर पडलो. संध्याकाळी सहाला परत आलो तर आई आणि मार्टाबाई स्वयंपाकघरात बसलेल्या, मधे तो टब. बायको मी करते म्हणाली होती, पण मार्टाबाईंनी मुलगाच हवा म्हणून तिला थांबवलं, आणि दिवसभरात तीनदा पाणी बदललं. रागाचा एक शब्द नाही. आईच म्हणाली, "राहू दे रे, थकून आलास." त्या वाक्यानं मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. बसलो खाली. हात पाण्यात घातला, मग पायावर ठेवला... "बेचक्यात," मागून आवाज आला. किळस कधी गेली ते सांगता येत नाही. आईची करंगळी माझ्यासारखीच आत वळलेली आहे, हे मात्र मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

मग रोज मीच धुतला. सूज काही पूर्ण गेली नाही, पण ताप थांबला. आई परत निघाली तेव्हा बायको नमस्काराला वाकली. आई जागची हलली नाही. मार्टाबाई दारात उभ्या होत्या, "गेनाऊ," अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या.

आवराआवर झाल्यावर भाचीनं तो निळा टब आमच्या दाराशी ठेवला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी आईला फोन लावला. मार्टाबाई गेल्या म्हणून सांगितलं. ती नाक ओढत म्हणाली, "बरं, ठेव आता. गल्लीतल्या शांताचा पाय काल मी धुतला. आज तिच्या पोराची पाळी हाय, अन् तो मेला सकाळपासून घरी नाही. पाणी गरम करून वाट पाहत बसलो आम्ही दोघी."